धसक्याचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘मुलाची बातमी ऐकली आणि म्हातारीने हाय खाल्ली.’ ‘घरावर जप्ती आली, त्या धसक्याने तो गेला.’ अशी वाक्ये आपल्याकडे घराघरांत बोलली जातात. ‘काळजात धस्स झाले’, ‘ऊर फुटला’ हे शब्दप्रयोग वापरताना आपण थांबून विचारही करीत नाही. पण धसक्याने खरेच माणूस जातो का, असे तीस-चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या डॉक्टरांना विचारले असते, तर ते किंचित हसले असते. ‘अहो, रक्तवाहिनी आधीच अरुंद झालेली असणार, बातमीचे निमित्त झाले’, असे उत्तर मिळाले असते. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण पुरेही नव्हते. ते कुठे अपुरे पडते, हे ध्यानात यायला १९८३ साल उजाडावे लागले आणि ते जगभर पोहोचायला त्यानंतर आणखी बावीस वर्षे गेली.

दुःखाने माणूस मरतो ही समजूत काही आपलीच नाही. वाल्मीकींच्या रामायणात राम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री दशरथ प्राण सोडतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर वारले; मुलगा आणि चुलतभाऊ गमावल्याच्या धक्क्याने ते गेले, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंचे छापील तक्ते निघत. त्यांत प्लेग, देवी, क्षय यांच्या रांगेत ‘दुःख’ हेही मृत्यूचे एक कारण म्हणून छापलेले असे. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये याच तक्त्यांचा हिशेब मांडला आणि त्यातून पुढे लोकसंख्याशास्त्र उभे राहिले. या तक्त्यांसाठी घरोघरी जाऊन मृतदेह पाहण्याचे आणि कारण ठरवण्याचे काम चर्चने नेमलेल्या बायका करीत, बहुधा वयस्क आणि गरीब. त्यांच्या निदानांवर पुढे पुष्कळ टीका झाली. पण ‘दुःख’ हा रकाना त्यांनी ठेवला होता, एवढे लक्षात असू द्यावे.

इथे एक फरक करायला हवा. झुरून जाणे वेगळे आणि धसक्याने जाणे वेगळे. नानासाहेब पानिपतानंतर पाच महिने जगले, त्यांची प्रकृतीही आधीपासून ढासळलेली होती. त्यांच्या मृत्यूचे निदान आज कोणी करू म्हणेल तर ते धाडसाचे होईल. आपल्याला आज पाहायचे आहे ते दुसरे प्रकरण: बातमी कानावर पडली आणि काही मिनिटांत, काही तासांत छातीत कळ आली, ते.

मनाचा आणि हृदयाचा संबंध वैद्यकाला पूर्वी मान्य होता. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने १६२८ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की मनाला होणारे दुःख, सुख, आशा, भीती यांची खळबळ हृदयापर्यंत पोहोचते. मग ही जाणीव मागे का पडली? याचे उत्तर मला जॉन हंटर या शल्यविशारदाच्या मृत्यूत दिसते.

हंटर हा अठराव्या शतकातला लंडनमधला नामांकित सर्जन, स्वभावाने भलताच तापट. त्याला छातीत कळा येत आणि त्या बहुधा रागाच्या भरात येत. मला चिडवणाऱ्या कोणत्याही हलकटाच्या हाती माझा जीव आहे, असे तो म्हणत असे. देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचा शिष्य. गुरूच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कठीण झाल्या असाव्यात, अशी शंका जेन्नरला आली होती; पण आपल्या गुरूला उगाच चिंता नको म्हणून तो गप्प राहिला. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत हंटरच्या बोलण्याला कोणी आक्षेप घेतला. तो संतापाने शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. शवविच्छेदनात जेन्नरची शंका खरी ठरली. धमन्या हाडासारख्या टणक झालेल्या होत्या.

आता यातून वैद्यकाने कोणता धडा घेतला? राग दिसत नाही, टणक धमनी दिसते. ती टेबलावर ठेवता येते, विद्यार्थ्यांना दाखवता येते. राग मग ठिणगी झाला आणि धमनी दारूगोळा. पुढे १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी धमनीत रक्ताची गुठळी अडकून हृदयविकाराचा झटका कसा येतो, याचे नेमके वर्णन केले. मग ईसीजी आला. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या मेसन सोन्स यांच्या हातून हृदयाच्या धमनीत चुकून रंगद्रव्य गेले, रुग्ण बचावला आणि त्या अपघातातून आजची अँजिओग्राफी जन्माला आली. जिवंत माणसाच्या धमन्या आता पडद्यावर दिसू लागल्या. या वाटेने लाखो जीव वाचले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण धमनी स्वच्छ असेल तर रोगच नाही, हा समजही याच वाटेने पक्का होत गेला.

आमच्या उमेदवारीच्या काळात वॉर्डात एक शब्द फार चालत असे: ‘फंक्शनल’. केसपेपरवर तो लिहिला, की समजायचे, शरीरात काही नाही, मनाचे आहे. तो बहुधा बायकांच्या केसपेपरवर दिसे, त्यातही पन्नाशी-साठी उलटलेल्या बायकांच्या. लंडनच्या त्या म्हाताऱ्यांनी छापायला लावलेला ‘दुःख’ हा रकाना मृत्यूच्या कारणांतून कधीच गेला होता. तो परत आला होता, पण रोग नाकारण्यासाठी.

तरीही काही जणांनी धसक्याचा माग सोडला नाही. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भीती आणि संताप यांचा शरीरावर होणारा परिणाम मांडला होता. संकट दिसले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, स्नायूंना बळ येते. ‘लढा किंवा पळा’ अशी ही तयारी. १९४२ मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. निरनिराळ्या आदिवासी समाजांत शाप किंवा जादूटोणा झाला असे कळताच धडधाकट माणूस मरतो, अशा हकीकती त्यांनी गोळा केल्या आणि विचारले, की ही तयारीच अती झाली तर ती माणसाला मारू शकेल काय? १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचे मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होते आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकाराचा होता.

यानंतरचे १९८० हे साल मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी अमेरिकेत दोन निबंध आले. पहिला मार्कस डीवुड यांचा. झटका आल्यावर ताबडतोब अँजिओग्राफी करणे त्या काळी धोक्याचे समजले जाई. डीवुड यांनी ती केली आणि चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची, म्हणजे ८७ टक्के लोकांची धमनी पूर्ण बंद आढळली. गुठळी विरघळवण्याचे सगळे आधुनिक उपचार या निबंधाच्या खांद्यावर उभे आहेत. दुसरा निबंध ओहायो राज्यातल्या सेबेलिन आणि हिर्श या दोन न्यायवैद्यकांचा. मारहाणीनंतर मेलेल्या, पण मृत्यू यावा एवढी आतली इजा कुठेही न सापडलेल्या १५ जणांची हृदये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांपैकी ११ हृदयांत स्नायूंचे तंतू आखडून तुटल्याच्या विशिष्ट खुणा होत्या. अ‍ॅड्रेनॅलिनचा भडिमार झालेल्या प्राण्यांच्या हृदयात दिसतात, तशाच. हाताच्या माराने नव्हे, तर मार बसताना वाटलेल्या भीतीने ही हृदये निकामी झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिला निबंध जगातल्या प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाला ठाऊक झाला. दुसरा शवागाराच्या कपाटात राहिला. मेलेल्यांचे हृदय अपराध सिद्ध करायला उपयोगी पडले, पण जिवंत माणसात हेच घडत असेल, असा विचार फारसा कोणी केला नाही.

तो विचार करावा लागला हिरोशिमात. हिरोशिमा म्हटले, की आपल्याला अणुबाँबच आठवतो, म्हणून आधीच सांगतो, या रोगाचा त्या बाँबशी संबंध नाही. हिरोशिमा सिटी हॉस्पिटल या रुग्णालयात झटक्याच्या रुग्णाची तातडीने अँजिओग्राफी करण्याची नवी पद्धत सुरू होती, एवढेच कारण. १९८३ मध्ये तिथे साठी उलटलेली एक स्त्री छातीत कळा येतात म्हणून दाखल झाली. ईसीजी पाहिला तर सरळसरळ झटका. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमन्या तपासल्या, तर त्या मोकळ्या. इतर ठिकाणी कदाचित तपासणी इथेच थांबली असती. त्यांनी हृदयाच्या डाव्या कप्प्यात रंगद्रव्य सोडून त्याच्या आकुंचनाचेही चित्रण केले. हा डावा कप्पा म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणारा मुख्य पंप. तो आकुंचन पावताना एखादी पिशवी पिळावी तसा टोकापासून वरपर्यंत आवळला जातो. या बाईंच्या हृदयाचा वरचा, मानेकडचा भाग जोरात आवळत होता आणि खालचा टोकाकडचा अर्धा भाग फुग्यासारखा फुगून निश्चल पडला होता. काही दिवसांनी पुन्हा चित्रण केले, तर हृदय पूर्ववत चालत होते.

झटक्यात मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. हा झाला होता. आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. शेताला तीन पाट असतील आणि एकाचे पाणी तुटले, तर त्या पाटाखालचीच वावरे सुकतात. हृदयालाही तीन मुख्य पाट आहेत. पण इथे निश्चल पडलेला भाग कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नव्हता, तिन्ही हद्दी ओलांडून तो पसरला होता. शिवाय स्नायूचा एवढा मोठा भाग बंद पडूनही, स्नायू मेल्याची खूण असणारी द्रव्ये रक्तात त्या मानाने थोडीच वाढत. म्हणजे स्नायू मेलेला नव्हता, बधिर झाला होता.

असे आणखी रुग्ण मिळत गेले. चित्रातला तो आकार, निमुळती मान आणि गोल बूड, पाहून सातो यांच्या चमूला आठवले ते हिरोशिमासमोरच्या समुद्रात कोळी वापरतात ते मडके. जपानी भाषेत ‘ताको’ म्हणजे ऑक्टोपस, ‘त्सुबो’ म्हणजे मडके. ऑक्टोपसला कपारीत दडून बसायची सवय. कोळी दोरीला ओळीने मडकी बांधून तळाशी सोडतात, ऑक्टोपस आपणहून आत शिरतो आणि वर ओढले तरी बाहेर पडत नाही. आपल्याकडे पाण्याचा चंबू असतो, साधारण त्याच घाटाचे हे मडके. १९९० मध्ये सातो यांनी जपानी भाषेतल्या एका ग्रंथात ‘ताकोत्सुबो’ हे नाव वापरले. १९९१ मध्ये केइगो दोते आणि सहकाऱ्यांनी अशा पाच रुग्णांची हकीकत छापली, तीही जपानीतच.

आणि मग दहा वर्षे शांतता! जपानबाहेर हे नाव फारसे पोहोचलेच नाही. २००१ मध्ये जपानमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ८८ रुग्णांची माहिती इंग्रजी नियतकालिकात दिली; त्यांत ७६ स्त्रिया होत्या. तेव्हाही पुष्कळांना हा जपानी लोकांचाच काही विशेष वाटला. मग २३ ऑक्टोबर २००४ रोजी जपानच्या निइगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या रुग्णालयांत चंबूसारख्या हृदयांची संख्या एकाएकी वाढली आणि भूकंपकेंद्राच्या जवळच्या भागात ती सर्वांत जास्त होती. धक्का आणि हृदय यांचा संबंध आता नकाशावर काढून दाखवता येत होता.

२००५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या इलान विटस्टाइन यांनी १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८ स्त्रिया, एक पुरुष. कोणाच्या घरी मृत्यू झालेला, कोणावर शस्त्र रोखून दरोडा पडलेला, कोणाला कोर्टात उभे राहायचे होते, तर एकीला मित्रमंडळींनी वाढदिवसाच्या मेजवानीसारखा अचानक आनंदाचा धक्का दिलेला. या लोकांच्या रक्तातले अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याच्या भावंडांचे प्रमाण मोजले, तर ते खऱ्याखुऱ्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट निघाले. कॅनन यांचा १९४२ चा तर्क असा आकड्यांत उतरला. निबंध नेमका व्हॅलेंटाइन दिनाच्या तोंडावर छापला गेल्याने वृत्तपत्रांनी त्याला ‘भग्नहृदय’ असे नाव देऊन डोक्यावर घेतले. वर्षभरात, २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयस्नायूंच्या रोगांच्या वर्गीकरणात त्याला जागा दिली.

अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, हे कळले. पण ते हृदयाला बळ देणारे द्रव्य. त्याने हृदय बंद का पडावे? जपानी डॉक्टरांचा पहिला तर्क असा होता, की तिन्ही धमन्या एकाच वेळी आखडत असाव्यात. पण असे आखडणे थोड्याच रुग्णांत पाहायला मिळाले. काहींनी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक केशवाहिन्यांकडे बोट दाखवले, आणि तो मुद्दा अजून निकालात निघालेला नाही. वाकायामाच्या ताकाशी उएयामा यांनी उंदरांना घट्ट बांधून ठेवून त्यांच्या हृदयाचे चित्रण केले, तर तसाच फुगा दिसला. अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारी औषधे आधी दिली, की तो दिसेना. अंडाशय काढलेल्या माद्यांना इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक दिले, की परिणाम सौम्य होई. पाळी गेल्यानंतरच्या वयातच बायकांना हा आजार का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो, पूर्ण उत्तर नव्हे.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे अलेक्झांडर लायन यांचा २००८ मधला विचार. हृदयाच्या पेशीवर अ‍ॅड्रेनॅलिन घेणारी जणू कुलपे असतात आणि टोकाकडच्या भागात ती जास्त दाट असावीत. थोडे अ‍ॅड्रेनॅलिन आले, तर ती पेशीला ‘जोर लाव’ म्हणून सांगतात. लोंढा आला, तर त्यांतली काही कुलपे उलटी फिरतात आणि ‘थांब’ म्हणतात. घरात विजेचा दाब एकाएकी वाढला की मेन स्विच खाली पडतो, दिवे जातात, पण वायरिंग जळत नाही, तसे काहीसे. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवर हे तपासले. उलटे फिरण्याचा हा मार्ग औषधाने बंद केला, तेव्हा हृदयाचे टोक बधिर झाले नाही, पण उंदीर जास्त मेले. म्हणजे हृदय बंद पडले असे आपण म्हणतो, तेव्हा ते कदाचित स्वतःला वाचवत असते.

हा विचार नुसता डौलदार नाही, उपचाराच्या मुळाशी जाणारा आहे. हृदयाचा जोर कमी पडून रक्तदाब कोसळला, की अतिदक्षता विभागात डॉक्टरांचा हात सवयीने अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या औषधांकडे जातो. झटक्याच्या रुग्णाला त्याने तगवता येते. पण जो रुग्ण अ‍ॅड्रेनॅलिननेच आडवा झाला आहे, त्याला तेच पुन्हा देणे म्हणजे आगीत तेल. हे नुसते तर्काचे बोलणे नाही: उपचारासाठी वा तपासणीसाठी ही औषधे शिरेतून दिल्यावर हृदयाचा असाच चंबू झाल्याची उदाहरणे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. अधिवृक्क ग्रंथीला अ‍ॅड्रेनॅलिन ओतणारी गाठ झालेल्या रुग्णांतही हे दिसते. शिवाय काही रुग्णांत हृदयाचा वरचा भाग इतक्या जोराने आवळतो, की रक्ताची बाहेर पडण्याची वाटच अडते. तिथे जोर वाढवणारे औषध घातकच. म्हणून आता अशा वेळी शक्य तिथे अशी औषधे टाळतात आणि गरज पडली तर हृदयाचे काम काही काळ यंत्राच्या पंपाकडे सोपवतात. फुगलेल्या, न हलणाऱ्या टोकात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे. बाकी हृदयाचा भार हलका करायचा, ठोक्यांवर लक्ष ठेवायचे आणि वाट पाहायची. बहुतेकांचे हृदय काही दिवसांत वा आठवड्यांत पुन्हा आवळू लागते.

मात्र या ‘आपोआप बरे होणारे’ या वर्णनाने एक नवाच घोटाळा केला. ‘भग्नहृदय’ या नावात काव्य आहे, आणि काव्यामुळे आजार सौम्य वाटतो. २०१५ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या २६ केंद्रांतल्या १,७५० रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध झाली. सुमारे ९० टक्के स्त्रिया, सरासरी वय ६७ च्या आसपास. रुग्णालयातच ४.१ टक्के रुग्ण दगावले होते आणि रक्तदाब कोसळण्यासारख्या गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण खऱ्या झटक्याच्या रुग्णांइतकेच होते. पुरुषांना हा आजार क्वचित होतो, पण झाला तर मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात जास्त. याच नोंदवहीने आणखी एक समज मोडला. मनाला बसलेला धक्का जेमतेम २८ टक्के रुग्णांत सापडला. ३६ टक्क्यांत कारण शारीरिक होते: शस्त्रक्रिया, दम्याचा तीव्र झटका, मेंदूतला रक्तस्राव. आणि जवळपास तितक्याच, म्हणजे २८.५ टक्के लोकांत काहीच कारण मिळाले नाही. आपल्या भाषेतला ‘धसका’ शब्द खरा ठरला, पण या आजाराचा एक तुकडाच त्याने झाकला जातो.

आनंदाचेही तसेच. २०१६ मध्ये याच नोंदवहीतले मनाच्या धक्क्याचे ४८५ रुग्ण वेगळे काढले, तर त्यांत २० जण आनंदाने आजारी पडले होते. कोणाच्या मुलाचे लग्न, कोणाला नातवंड झाले. हृदयाच्या दृष्टीने लोंढा तो लोंढाच.

इथे घरच्या माणसांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खरा झटका आणि हा आजार यांतला फरक लक्षणांवरून करता येत नाही, साध्या ईसीजीवरूनही खात्रीने करता येत नाही. त्यासाठी धमन्या पाहाव्याच लागतात. हृदयाच्या झटक्याचा संशय म्हणून दाखल होणाऱ्या शंभरांत एखाद-दोन रुग्णच या आजाराचे निघतात, बाकी बहुतेकांची धमनी खरोखर अडलेली असते. तेव्हा घरात नुकताच कोणी गेला आहे, आजी रडून रडून दमल्या आहेत, आता छातीत दुखते म्हणतात, तर ‘मनाला लागलंय, जरा पडू द्या’ म्हणून त्यांना आतल्या खोलीत निजवणे, हा सर्वांत वाईट उपाय. दहाव्या-तेराव्याची गडबड असली तरी आधी रुग्णालय.

आजार ओसरल्यावर काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षे कोणी विचारलाच नाही, कारण हृदयाचा आकार पूर्ववत झाला की रुग्ण बरा, असे धरले जाई. पण अनेक बायका सांगत, की पूर्वीसारखे होत नाही, जिना चढवत नाही, थकवा जात नाही. पुन्हा तेच, ‘मनाचे’! स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या डेना डॉसन यांनी या तक्रारी मनावर घेतल्या. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की वर्ष उलटून गेल्यावरही अशा हृदयांत सूक्ष्म बिघाड आणि ऊर्जेची तूट शिल्लक असते. दुसरीकडे झुरिकच्या ख्रिस्तियान टेंप्लिन यांच्या गटाने २०१९ मध्ये १५ रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण ३९ निरोगी लोकांशी ताडून पाहिले. भावना हाताळणारे मेंदूचे भाग आणि हृदयाचे ठोके सांभाळणारी यंत्रणा यांच्यातला संवाद रुग्णांत कमी होता. हा रोगाचा परिणाम की त्याचे मूळ, ते यावरून सांगता येत नाही.

औषधांच्या बाबतीत चित्र निराशेचे आहे. बीटा ब्लॉकर जातीची औषधे अ‍ॅड्रेनॅलिनला अडवतात, म्हणून ती नक्की उपयोगी पडतील, असे वाटले होते. पण १,७५० रुग्णांच्या नोंदवहीत ती घेणाऱ्यांचा वर्षभरानंतरचा जगण्याचा दर न घेणाऱ्यांपेक्षा चांगला दिसला नाही. रक्तदाबावरची एसीई इनहिबिटर जातीची औषधे घेणाऱ्यांचा दिसला. पण ही झाली मागे वळून पाहिलेली आकडेवारी, समोरासमोर घेतलेली चाचणी नव्हे. तशी चाचणी अ‍ॅबर्डीनकरांनी केली आणि २०२५ मध्ये माद्रिदच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत तिचे निष्कर्ष मांडले. ७६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याबरोबर बारा आठवडे बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम: चालणे, सायकल, पोहणे. तिसऱ्याला तितकेच आठवडे मानसोपचारतज्ज्ञांबरोबर एकेकट्याने बसून बोलणे. बारा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांच्या हृदयाच्या स्नायूला मिळणारी ऊर्जा वाढली होती आणि सहा मिनिटांत त्यांना जास्त अंतर चालता येत होते. बोलणाऱ्यांच्याही हृदयाची ऊर्जा वाढली होती, आणि त्यांचेही चालणे लांबले होते. ७६ ही संख्या लहान आहे. माणसे जास्त जगतात का, हे ठरवायला याहून मोठी आणि लांब चालणारी चाचणी लागेल.